बुफेचं गणित आता बसत नाही

लास व्हेगासला निघालेल्या मराठी कुटुंबाला एक सल्ला हमखास मिळतो. ‘जेवणाची चिंता करू नका. सकाळी दहा-साडेदहाला बुफेत शिरा, पोटभर खा, मग संध्याकाळपर्यंत बघायला नको. पैसे वसूल!’ मुलाकडे अमेरिकेला जाऊन आलेले आई-वडील हा सल्ला सोसायटीत सगळ्यांना देतात. टूर मॅनेजर तो बसमध्ये माइकवरून देतात, आणि व्हिडिओ करणारे भरलेलं ताट कॅमेऱ्यासमोर धरून देतात. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, याबद्दल शंका नाही. पण सल्ला चुकीचा आहे. शाकाहारी, साठी ओलांडलेली, पै-पैचा हिशेब ठेवून प्रवास करणारी माणसं तो सर्वांत जास्त मनावर घेतात आणि नेमकं त्यांचंच त्यात सर्वांत जास्त नुकसान होतं.

हा सल्ला एके काळी खरा होता, हे आधी मान्य करायला हवं. आज ज्याला ‘स्ट्रिप’ म्हणतात त्या रस्त्यावरचं पहिलं कॅसिनो रिसॉर्ट म्हणजे १९४१ साली उघडलेलं ‘एल रांचो व्हेगास’. त्याच दशकात तिथे रात्री उशिरा एका डॉलरमध्ये हवं तेवढं खाण्याची सोय सुरू झाली. त्यामागे दानत नव्हती, धंदा होता. जुगार खेळणाऱ्या माणसाला मध्यरात्री भूक लागली की तो उठतो, उठला की बाहेर जातो, आणि बाहेर गेला की परत येईलच याचा भरवसा नाही. तेव्हा त्याला तिथेच, झटपट आणि जवळजवळ फुकट खायला घाला. जेवणात तोटा झाला तरी टेबलावर तो कितीतरी पटींनी भरून निघतो. फ्रीमाँट स्ट्रीटवरच्या ‘गोल्डन गेट’ या कॅसिनोने १९५९मध्ये ५० सेंटला कोळंबीचा पेला विकायला काढला, तोही याच हिशेबाने. पुढची तीन-चार दशकं शहरातल्या बहुतेक कॅसिनोंचं स्वयंपाकघर असं तोट्यात चालत राहिलं. जे अजिबात खेळत नव्हते, त्यांना त्या काळात खरोखरच दुसऱ्याच्या पैशावर जेवायला मिळत होतं. आपल्याकडची जी मंडळी तेव्हा तिथे गेली, त्यांच्या आठवणी खोट्या नाहीत.

पण ते दुकान बंद झालं. १९८९मध्ये ‘मिराज’ हे कॅसिनो रिसॉर्ट उघडलं आणि व्हेगासचा तोंडवळा बदलू लागला. १९९२च्या अखेरीस वोल्फगांग पक या कॅलिफोर्नियात नाव कमावलेल्या शेफने ‘सीझर्स पॅलेस’ या कॅसिनो हॉटेलातल्या फोरम शॉप्समध्ये ‘स्पागो’ उघडलं. १९९८मध्ये ‘बेलाजिओ’ उघडलं ते न्यूयॉर्कचं ‘ल सर्क’ आणि भिंतींवर पिकासोची खरीखुरी चित्रं लावलेलं ‘पिकासो’ अशी रेस्टॉरंटं घेऊनच. त्या दशकाच्या शेवटी स्ट्रिपवरच्या मोठ्या कॅसिनोंचं खोल्या, जेवण, दारू, कार्यक्रम यांतून येणारं उत्पन्न जुगाराच्या उत्पन्नाच्या पुढे गेलं, आणि तेव्हापासून ते अंतर वाढत गेलं. आता जुगाराचा वाटा एकूण उत्पन्नाच्या एक तृतीयांशाच्याही खाली आला आहे. याचा जेवणाशी काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध सरळ आहे. जेवण हाच धंदा झाला की त्यात तोटा सोसायचं कारण उरत नाही. ‘सीझर्स पॅलेस’ने २०१२मध्ये एक कोटी ७० लाख डॉलर खर्चून ‘बॅकनाल’ बुफे उभा केला, तो काही एका डॉलरच्या जेवणाचा वारसा चालवायला नव्हे.

उरलंसुरलं २०२०च्या मार्चमध्ये संपलं. कोविडमुळे नेवाडातले सगळे कॅसिनो बंद झाले. जूनमध्ये ते उघडले, पण बुफे मात्र बरेचसे उघडलेच नाहीत. स्थानिक लोकांना परवडणारे ‘स्टेशन कॅसिनोज’चे ‘फीस्ट’ बुफे कायमचे गेले. ‘आरिया’च्या बुफेच्या जागी २०२२च्या डिसेंबरात निरनिराळ्या छोट्या दुकानांचा फूड हॉल आला. मालकांना सक्तीच्या सुट्टीत कळून चुकलं की बुफे नसला तरी खोल्या भरतात. जे टिकले ते मुख्यतः महागडे, आणि आपल्याला अजून जुना सल्ला देणाऱ्यांचं लक्ष याच गोष्टीकडे नाही.

म्हणून आकडे मांडतो. नावाजलेल्या बुफेत रात्रीच्या जेवणाला माणशी ८० डॉलरच्या आसपास पडतात, शनिवार-रविवारी किंवा सणाच्या दिवशी त्याहून जास्त. चार जणांचे ३२० झाले. त्यावर तिथला ८.३७५ टक्के विक्रीकर, म्हणजे जवळजवळ २७ डॉलर. ताट आपण वाढून घेत असलो तरी पाणी आणणाऱ्या, उष्टी ताटं उचलणाऱ्या माणसाला टीप द्यायची पद्धत आहे आणि ती पाळायलाच हवी, कारण ती माणसं त्यावर जगतात. सगळं मिळून साडेतीनशेच्या पुढे गेलं. एका वेळच्या जेवणाचे ३० हजार रुपयांहून जास्त! ‘वसूल’ म्हणणाऱ्याने आता सांगावं, काय वसूल?

इथे बुफेवाले दोन उत्तरं देतात. पहिलं असं की रात्रीचं सोडा, सकाळचा ब्रंच स्वस्त असतो आणि त्यात दोन जेवणं निघतात. ब्रंच स्वस्त असतो हे खरं. मात्र दोन जेवणं निघतात हे फक्त कागदावर. काही ठिकाणी बसायला ९० मिनिटांची मर्यादा आहे, आणि पोटाची मर्यादा तर प्रत्येकाबरोबर असतेच. नेहमी दोन पोळ्या, भाजी, आमटी-भात जेवणारा माणूस तिथे गेला म्हणून चौपट खाऊ शकत नाही. खाल्लंच, तर दुपारी एक वाजता, बाहेर उन्हाळ्यातलं ४० अंशांवरचं ऊन असताना, तो खोलीत आडवा होतो. इतक्या लांब येऊन, दिवसाचे इतके डॉलर मोजून घेतलेली दुपार झोपण्यात गेली, याचा हिशेब मात्र कुणीच करत नाही.

दुसरं उत्तर विविधतेचं. ‘शंभर पदार्थ असतात, काही ना काही तरी मिळतंच.’ या उत्तरावर मला सविस्तर बोलायचं आहे, कारण शाकाहारी माणसाला बुफेत पाठवणाऱ्यांचं हेच मुख्य शस्त्र आहे.

बुफेची ८० डॉलरची किंमत कशाची असते? खेकड्याच्या पायांची, कालवांची, भाजलेल्या गोमांसाच्या जाडजूड कापांची, कोकराच्या बरगड्यांची. जाहिरातीतले फोटो त्यांचे, रांगा त्यांच्यापुढे, आणि तिथे येणारं अमेरिकन गिऱ्हाईक हिशेब करतं तोही त्यांचाच. पालक-चीज, उकडलेला मका, पास्ता, सॅलड, फळं हे सगळं नुसती भर म्हणून असतं. दहा जणांनी हॉटेलात जेवायला जावं, नऊ जणांनी सुरमई-पापलेट मागवावं, दहाव्याने वरण-भात खावा आणि बिल मात्र सारखं वाटून घ्यावं, अशी शाकाहारी माणसाची तिथे गत असते. आणि हे तो एकदा नाही, आपल्या सल्ल्यावरून तीन-तीन दिवस करतो.

बरं, वरण-भात तरी निखळ मिळतो का? एका बड्या हॉटेलच्या बुफेत महाराष्ट्रातून आलेलं एक वयस्क जोडपं माझ्या शेजारच्या टेबलावर बसलं होतं. काकूंच्या ताटात मेक्सिकन काउंटरवरचे घोटलेले बीन्स, थोडा भात, सॅलडची पानं, आणि छोट्या वाटीत पांढरंशुभ्र मूस. राजमा ओळखीचा वाटला, म्हणून त्यांनी तो दोनदा आणला होता. हे बीन्स परंपरेने डुकराच्या चरबीत परततात. काही स्वयंपाकघरं आता तेल वापरतात, काही वापरत नाहीत, आणि काउंटरवरच्या पाटीवर बऱ्याचदा फक्त पदार्थाचं नाव असतं. मेक्सिकन भात बहुधा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँचोव्ही नावाचे छोटे मासे वाटलेले असतात. मिसो सूपचा पाया सुकवलेल्या माशाचा, किमचीत मासळीचं किंवा सुकटीचं पाणी, घेवड्याच्या शेंगांत बेकनचे बारीक तुकडे. मूस, पॅना कोटा, रंगीत जेली, मार्शमॅलो यांत बहुधा जिलेटिन असतं, आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढतात. शिवाय एकाच चिमट्याने मागचा माणूस कोंबडी उचलतो आणि पुढचा ब्रोकोली.

मी मांस खाणाऱ्यांना नावं ठेवत नाही, आणि तिथल्या स्वयंपाक्यांचीही यात काही चूक नाही. त्यांनी त्यांच्या देशाचा पदार्थ त्यांच्या पद्धतीने केला. माझा मुद्दा वेगळा आहे. बुफेत विचारायला माणूस नसतो. काउंटरमागे उभा असलेला मुलगा मांस कापून देतो. बीन्स खालच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात पहाटे कुणी केले आणि कशात परतले, हे त्याला माहीत असण्याचं कारणच नाही. फार तर तो मोठ्या शेफला बोलावून आणेल, आणि शेफ प्रामाणिकपणे सांगेलही. पण मागे वीस माणसं ताटकळत असताना संकोची स्वभावाची आपली काकू हे विचारणार आहे का? याउलट साध्या रेस्टॉरंटात बसलं की वेटर स्वतःहून विचारतो, काही चालत नाही का. अमेरिकन वेटरला पदार्थात हे घाल, ते काढ असं सांगण्यात काहीच वावगं नसतं. तो आत जाऊन विचारून येतो. ज्याला अन्नाचा नेम पाळायचा आहे, त्याला शंभर न विचारता येणाऱ्या पदार्थांपेक्षा विचारून घेतलेला एक पदार्थ हजार पटींनी बरा.

बुफेच्या बाजूचा एक युक्तिवाद मात्र मला वजनदार वाटतो. वयस्क माणसांना इंग्रजी मेन्यू वाचून काही कळत नाही. बुफेत निदान पदार्थ डोळ्यांना दिसतो, मग तो घ्यावा की नाही हे ठरवता येतं. मुलगा-सून बरोबर नसतील, तर मागवण्याची धास्ती खरीच असते, आणि तिला हसण्यासारखं काही नाही. यावर उपाय आहे, पण तो मुलांनी करायचा आहे. बहुतेक सगळ्या रेस्टॉरंटांचे मेन्यू फोनवर दिसतात. आदल्या रात्री दहा मिनिटं बसून आई-वडिलांसाठी दोन ठिकाणं आणि प्रत्येक ठिकाणचे दोन पदार्थ ठरवून, लिहून द्यावेत. ‘मांस, मासे, अंडं, कोंबडीचं पाणी चालत नाही’ एवढं एक वाक्य इंग्रजीत चिठ्ठीवर लिहून द्यावं. ती चिठ्ठी वेटरसमोर ठेवली की काम होतं. हे न करता ‘तुम्ही बुफेतच जा’ म्हणणं म्हणजे स्वतःची दहा मिनिटं वाचवून त्यांच्या जेवणाची हेळसांड करणं आहे. मला हे बोचतं, म्हणून स्पष्ट लिहितो.

आणखी एक. अमेरिकन रेस्टॉरंटातलं एक ताट आपल्या दोघांना पुरतं. उरलेलं ते डब्यात भरून देतात, आणि तसं मागण्यात तिथे कुणाला कमीपणा वाटत नाही. बुफेतून एक पावसुद्धा बाहेर नेता येत नाही. ताटात टाकलेलं अन्न केराच्या पिंपात जातं. व्हेगासच्या कॅसिनोंतलं उष्टं अन्न कित्येक दशकं शहराच्या उत्तरेकडच्या डुकरांच्या फार्मवर जात आलं आहे. वाया जाणाऱ्या त्या अन्नाची किंमतही शेवटी आपल्याच ८० डॉलरमध्ये धरलेली असते. पानात टाकू नये म्हणून ज्यांना लहानपणी धपाटे मिळाले, त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आता ‘फुकट’ बुफेबद्दल. काही जण म्हणतात, आम्ही थोडं खेळतो, कार्ड काढतो आणि त्यावर जेवण फुकट मिळतं. कॅसिनोचं हे सदस्य-कार्ड मोजतं काय, ते पाहा. तुम्ही जिंकलात की हरलात, याच्याशी फुकट जेवणाचा संबंध फार थोडा. सरासरी किती लावता, तासाला किती डाव होतात, किती तास बसता, आणि त्या खेळात घराचा, म्हणजे कॅसिनोचा, टक्का किती, यांचा गुणाकार करून तुमच्याकडून हमखास किती मिळणार हे आधीच काढलेलं असतं. दोन शून्यांच्या अमेरिकन रूलेटवर घराचा टक्का ५.२६ असतो. २५ डॉलर लावून, तासाला ४० फेऱ्या धरून, दोन तास बसलात तर टेबलावरून २,००० डॉलर फिरले आणि त्यातून घराला अपेक्षित आहेत १०५ डॉलर. त्या १०५मधला थोडासा भाग तुम्हाला जेवणाच्या रूपाने परत मिळतो. म्हणजे ते जेवण तुम्ही विकत घेतलंत, तेही आगाऊ आणि चढ्या भावाने. ज्याला खेळायचं आहे त्याने खुशाल खेळावं. जेवणासाठी खेळू नये.

मग जेवावं कुठे? बुफेवाले इथे एक सोयीचा चकवा देतात. ते म्हणतात, बुफे नको तर टीव्हीवर दिसणाऱ्या शेफांच्या रेस्टॉरंटात जा आणि दोनशे डॉलर घालवा. जणू हे दोनच पर्याय आहेत. नावाजलेल्या शेफचं नाव दारावर असतं, पण बहुतेक वेळा तो स्वतः आत नसतो. नाव आणि पाककृती त्याच्या, चालवणारं हॉटेल. कधी जेवण उत्तम असतं, कधी नुसतं महाग. केवळ नाव पाहून निवडू नये, हे मलाही मान्य आहे. मात्र तिथेही दुपारचा मेन्यू रात्रीच्या मानाने स्वस्त असतो, आणि एखादं खास जेवण करायचंच असेल तर ते दुपारी करावं.

खरं जेवण स्ट्रिपच्या बाहेर आहे, आणि ते फार लांबही नाही. स्ट्रिपवरून गाडीने पश्चिमेला काही मिनिटांत स्प्रिंग माउंटन रोड लागतो. तिथे १९९५मध्ये ‘चायनाटाउन प्लाझा’ बांधला गेला आणि त्याच्या आजूबाजूला कोरियन, व्हिएतनामी, जपानी, तैवानी दुकानांची रांग उभी राहिली. कॅसिनोतले स्वयंपाकी आपली पाळी संपल्यावर रात्री इथे येऊन जेवतात, आणि जेवणाची याहून चांगली शिफारस मला ठाऊक नाही. पूर्वेला सहारा अव्हेन्यूवरच्या एका जुन्या बाजारसंकुलात १९९९ साली ‘लोटस ऑफ सियाम’ सुरू झालं. उत्तर थायलंडच्या जेवणासाठी त्याच्या शेफ सायपिन चुतिमा यांना २०११मध्ये जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. बाहेरून पाहिलं तर दारात थांबावंसंही वाटू नये, इतकी साधी होती ती मूळ जागा. थाई जेवणात मासळीचा सॉस सर्रास असतो, त्यामुळे शाकाहाऱ्यांनी इथेही विचारून घ्यायचं आहे. पण विचारता येतं, हाच तर फरक आहे. भारतीय जेवण हवं असेल तर तेही शहरात मिळतं. स्ट्रिप न सोडणाऱ्यांसाठी फूड हॉल आहेत. आजोबांना पिझ्झा, नातवाला रामेन, सुनेला सॅलड, प्रत्येकाने आपल्यापुरतं घ्यायचं आणि आपल्यापुरतेच पैसे द्यायचे. बुफेतली विविधता ज्यांना हवी आहे, त्यांना ती इथे एका माणसाच्या बुफेच्या किमतीत सगळ्या कुटुंबासाठी मिळते.

नाश्त्याचं एक सांगून ठेवतो, कारण त्यावर फार कुणी बोलत नाही. आपली माणसं ठेपले, चिवडा, लाडू घेऊन जातात, ते उत्तमच. पण व्हेगासच्या बऱ्याच हॉटेलांत खोलीत किटली आणि मायक्रोवेव्ह नसतो, आणि जो छोटा फ्रीज असतो तो त्यांच्या विक्रीच्या मालाने भरलेला असतो. त्यातली बाटली हलवली तरी तळाचा सेन्सर बिल लावतो. तेव्हा दही ठेवायला म्हणून त्याला हात लावू नका. आधी फोन करून रिकामा फ्रीज मागून घ्यावा.

हाच सगळा हिशेब गोव्यात मांडवीवर उलटा दिसतो. तिथल्या बोटींवरच्या कॅसिनोत प्रवेशाच्या तिकिटातच बुफे आणि दारू धरलेली असते, सोबत खेळायची कुपनं. म्हणजे व्हेगासने सोडून दिलेलं जुनं गणित पणजीत अजून चालू आहे: खायला घाला, बसवून ठेवा. पुण्या-मुंबईहून गेलेली पोरं ‘तिकिटात जेवण आहे’ म्हणून रात्रीचं जेवण बोटीवर काढतात. पणजीत सकाळी पातळ भाजी आणि बन्स, दुपारी किसमूर, सोलकढी आणि तळलेल्या माशांची थाळी मिळत असताना, नदीच्या मधोमध बसून पनीर मखनी आणि हाका नूडल्स खाण्यासाठी कुणी गोव्याला जावं, हे मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. खेळायचं असेल तर जेवून जा, आणि किनाऱ्यावर जेवून जा.

बुफेत कधीच जाऊ नये, असं मात्र मी म्हणत नाही. चार मित्र आहेत, चौघेही खेकडा आणि कालवं मनापासून खाणारे आहेत, भूक दणकून आहे आणि त्या दिवशी दुसरं काही बघायचं नाही, तर आठवड्याच्या मधल्या वारी आधी जागा राखून एकदा जावं. त्यांना तो महाग पडणार नाही. दोन-तीन लहान मुलं बरोबर असतील आणि हॉटेलात मुलांचा दर कमी असेल, तर ब्रंचचा विचार करायला हरकत नाही. मूल पाच गोष्टी चाखून चार टाकतं, हे आई-बाप समजून घेतात. मात्र आई-वडील शाकाहारी असतील, बाबांना मधुमेह असेल, आणि तीन दिवसांच्या मुक्कामात सहा जेवणं करायची असतील, तर त्यातलं एकही बुफेत करण्याचं कारण नाही. दोन रेस्टॉरंटं आधी हेरून ठेवा, एक दुपार स्प्रिंग माउंटनला घालवा, एका रात्री उरलेला डबा खोलीत खा. राहिलेली जेवणं फूड हॉलमध्ये होतील, आणि पैसे उरतील ते वेगळेच.